उडत्या घोंगड्याची प्रकाशक

बाळांनो,

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एकीने फोनवर सांगितले की तिने राक्षस आणि जादू असलेली एक कादंबरी लिहिली आहे, प्रकाशकांनी ती एकामागून एक परत पाठवली आहे, आणि आता ती स्वतःच्या खर्चाने छापणार आहे. पुढे म्हणाली, "आजी, आपल्या घरात असलं वेड कुणालाच नव्हतं. माझ्यातच कुठून आलं कोण जाणे." परदेशातून आलेल्या फोनवर लांबण लावू नये अशी शिस्त मी पाळते, म्हणून तेव्हा नुसते "हो का" म्हटले. बाकीचे इथे लिहिते. माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला आहे आणि उजव्याचा उन्हाळा संपल्यावर काढायचा आहे. मधल्या काळात डॉक्टरांनी स्वयंपाकघरात जाऊ नका असे सांगितले आहे. एवढी मोकळीक मला लग्नानंतर प्रथमच मिळते आहे, तेव्हा ती वाया घालवत नाही.

क्रमाने सांगते. तुमचे आजोबा कुठलीही हकीकत शेवटाकडून सुरू करीत आणि मध्येच चहा मागत. तसे इथे होणार नाही.

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा मॅट्रिक झालेली होते. इंग्रजी शिकलेली सून म्हणून माझे मोठे कौतुक होते. ते इंग्रजी कामालाही भरपूर येई. गल्लीत कुणाकडे तार आली की ती वाचायला मला बोलावत. त्या काळी तार बहुधा मृत्यूचीच असे, त्यामुळे काही घरांतून मला पाहिले तरी बायका आधीच डोळ्यांना पदर लावत. उरलेले इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचण्यात खर्च होई. माझ्या वडिलांनी मला एवढे शिकवले ते याचसाठी असणार.

घरात आम्ही चौघे. सासरे कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले होते. निवृत्ती कोर्टाला मिळाली, आम्हाला नाही. घरातला प्रत्येक हुकूम ते पूर्ण वाक्यात, तारखेसह देत आणि एकदा दिलेला हुकूम फिरवणे त्यांना कमीपणाचे वाटे. सासूबाई हुकूम ऐकून घेत आणि मनात असेल तेच करीत. तुमचे आजोबा हायस्कूलात गणित शिकवीत आणि हेडमास्तरांना भीत. हेडमास्तरही त्यांना भीत असावेत, कारण दोघे एकमेकांना पाहून रस्ता बदलत.

दुपारी गिरणीचा एक भोंगा झाला की घर झोपे, आणि दुसरा होईपर्यंत मला मोकळा वेळ असे. त्या वेळात मी कादंबरी लिहिली. कागद विकत आणण्याचा प्रश्न नव्हता. तुमचे आजोबा मुलांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका घरी आणून ठेवत, आणि बऱ्याच मुलांनी त्यांची मागची बाजू अगदी कोरी ठेवलेली असे. सोलापुरातल्या पोरांना भूमिती येत नव्हती म्हणून मराठीत एक कादंबरी झाली.

कादंबरीचे नाव 'उडते घोंगडे'. सांगोल्याकडच्या एका धनगराच्या मुलीला एक घोंगडे सापडते. त्यावर बसून ती आकाशात जाते आणि जगातला सगळा पाऊस रांजणांत कोंडून ठेवणाऱ्या राक्षसाशी झुंजते. परदेशी गोष्टींत गालिचे उडतात हे मला शाळेत कळले होते, पण गालिचा मी तोपर्यंत कलेक्टरच्या बंगल्यातच पाहिला होता, आणि तिथला खुर्च्यांखाली नीट दाबून ठेवलेला होता. घोंगडे मात्र आमच्याकडे प्रत्येक घरात होते. मला वाटत होते की मी मोठी कल्पना लढवते आहे. सांगोल्याच्या एखाद्या माणसाने ते वाचले असते तर पाऊस कुणीतरी कोंडून ठेवला आहे यात त्याला नवे काही दिसले नसते.

हस्तलिखित मी पुण्याच्या एका प्रकाशकाकडे धाडले. त्यांचे उत्तर अतिशय सभ्य होते. भगिनीवर्गाने लेखणी धरली हे पाहून त्यांना धन्यता वाटली होती. मात्र वाचकांना सध्या विधवाविवाहावर कादंबरी हवी आहे, तेव्हा घोंगडे काढून टाकून नायिकेला विधवा करता येईल का, अशी त्यांनी पृच्छा केली होती. जाता जाता, मागच्या बाजूच्या पायथागोरसच्या सिद्धांतात तिसरी पायरी चुकली आहे, असेही त्यांनी कळवले होते. दुसऱ्या प्रकाशकांनी तेवढेही कळवले नाही.

तेव्हा आपणच छापावे असे मी ठरवले. माझ्या पाटल्यांची एक जोडी माझी स्वतःची होती, ती त्या कामी आली. तिचे पुढे काही विशेष नाही. खरा प्रश्न नावाचा होता. पुस्तकावर माझे नाव असावे अशी माझी इच्छा होती. ही इच्छा फार मोठी आहे असे मला वाटत नव्हते, कारण घरातल्या तांब्यापितळेच्या प्रत्येक भांड्यावर कुणाचे ना कुणाचे नाव कोरलेले होते.

सासूबाईंच्या तोंडून सासऱ्यांनी अर्ज ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी निकाल दिला. पुस्तक छापण्यास हरकत नाही. मात्र भुताराक्षसांच्या पुस्तकावर या घराण्याचे नाव येता कामा नये. लेखिका म्हणून 'एक भगिनी' असे घालावे.

ही एक भगिनी तुम्हाला माहीत नसेल. त्या काळात महाराष्ट्रात तिच्याइतके कुणीच लिहीत नव्हते. मासिकांत कविता तिच्या, लोणच्यांच्या कृती तिच्या, हुंड्याविरुद्धची पत्रेही तिचीच. एका बाईने एवढे सारे लिहावे आणि तिला एक नाव असू नये याचे कुणालाच नवल वाटत नसे. मी तुमच्या आजोबांकडे पाहिले. ते छताकडे पाहत होते. मग मी "बरं" म्हटले, आणि त्या दिवशी आमटीत मीठ घातले नाही.

छापखाना मंगळवार पेठेत होता. मालक लिंगायत होते, घरी कानडी बोलत आणि गिऱ्हाइकांशी सोलापुरी मराठी. लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिले आणि गिरणीची लेबले हे त्यांचे मुख्य काम. कादंबरी त्यांनी पूर्वी छापलेली नव्हती, पण हँडबिल लांबत गेले की कादंबरी होते अशी त्यांची समजूत होती आणि ती अगदीच चूक नव्हती. लग्नसराई लागली आणि माझे काम मागे पडले. जे घोंगडे उडायचे ते छापखान्यात भिजत पडले. हा विनोद त्या वर्षी छापखान्यातल्या प्रत्येक माणसाने केला, आणि प्रत्येकाला तो स्वतःलाच सुचला असे वाटले.

सून एकटी छापखान्यात जाणार नाही असा हुकूम असल्यामुळे सासूबाई माझ्याबरोबर येत. तपकिरीची डबी घेऊन त्या दाराशी बाकावर बसत आणि अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसांना तुमच्यात लग्नाचे कोण आहे ते विचारीत. मुद्रिते मी तिथेच बसून तपासत असे.

सोलापुरात लष्करी कायदा येऊन गेला त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. छापखानेवाले चांगलेच धसकलेले होते. मालक प्रत्येक प्रकरण आधी स्वतः वाचत आणि त्यात राजद्रोह कुठे आहे ते शोधत. एका दिवशी त्यांनी मला विचारले की राक्षस कोणत्या रंगाचा आहे. मी त्याला गोरापान केला होता. आमच्या कथांत नायक नेहमी गोरा असतो, म्हणून मला जरा बदल हवा होता.

"गोरा नको, ताई," ते म्हणाले. "गोरा म्हटलं की फौजदार विचारंल, कंचा गोरा."

मग मी त्याला सावळा केला. तेही त्यांना पटले नाही, सावळा म्हटले की देवाची आठवण होते आणि लोक भांडायला येतात. शेवटी आम्ही त्याला पोपटी केला. आजतागायत त्या रंगाच्या कुणी तक्रार केलेली नाही.

अखेर शेवटचे पान जुळवायची वेळ आली. मालक कागद आणि शिसपेन्सिल घेऊन समोर बसले आणि पुस्तकाचा प्रकाशक कोण असे त्यांनी विचारले. मी म्हटले, एक भगिनी. त्यांनी मान हलवली. सरकारचा कायदा असा होता की लिहिणाऱ्याने नाव लपवले तरी चालेल, पण छापणारा आणि प्रसिद्ध करणारा यांची नावे आणि गाव पुस्तकावर असलेच पाहिजे. म्हणजे उद्या काही झाले तर पकडायला कुणीतरी सापडते. सासऱ्यांना कायद्यातले सगळे कळे, पण हे कलम त्यांच्या कोर्टात कधी आले नसावे.

"तुम्हीच व्हा की प्रकाशक," मी म्हटले.

"छापनारा म्हणून मी हायच की. प्रकाशक बी मीच झालो तर दोनदा आत जावं लागंल. तुमचंच नाव सांगा."

मी माझे नाव सांगितले. ते त्यांनी लिहून घेतले आणि पेन्सिल तशीच धरून म्हणाले, "फुडं?"

पुढे नवऱ्याचे नाव येते. ते मी कसे घेणार? घरात चौघांसमोर घ्यायचे तरी उखाण्यात घ्यायचे, अशी आमची रीत. मालकांना रीत माहीत होती. ते म्हणाले, "उखान्यात घ्या की. आम्ही ऐकत न्हाई, नुस्तं लिहितो." खिळे जुळवणारे सगळे हात थांबले.

मी सासूबाईंकडे पाहिले. आपल्या मुलाचे नाव घ्यायला त्यांना काहीच आडकाठी नव्हती. त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली, सावकाश शिंकल्या आणि म्हणाल्या, "तेवढंच पुरे. घराण्याचं नाव द्यायचं नाही म्हणून बजावलंय त्यांनी."

"नुस्तं नाव बरं दिसत न्हाई, अक्का."

"मग बाई लावा. बाईच आहे ती."

अशा रीतीने शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ आली: हे पुस्तक अमुकबाई यांनी मंगळवार पेठ, सोलापूर येथे छापवून प्रसिद्ध केले. अमुकच्या जागी माझे नाव. मागे सौभाग्यवती नाही, पुढे कुणाचे नाव नाही, आडनाव नाही. नवऱ्याचे नाव आदरापोटी घ्यायचे नाही आणि घराण्याचे नाव अब्रूसाठी द्यायचे नाही, या दोन्ही गोष्टी आम्ही इतक्या काटेकोर पाळल्या की शेवटी मी एकटीच उरले. ते मुद्रित मी दोनदा वाचले. वर एका ठिकाणी 'राक्षस'मधला 'क्ष' उलटा बसला होता तो दुरुस्त केला. खालच्या ओळीत दुरुस्त करण्यासारखे काही आढळले नाही.

पुस्तक निघाले ते संक्रांतीच्या सुमाराला, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत. मालकांच्या मेहुण्याचे तिथे आरत्या आणि पंचांगे विकायचे दुकान लागे. त्याने प्रती तिथे मांडल्या. एका बाजूला नाटकाचा तंबू आणि दुसऱ्या बाजूला पिपाण्या विकणारा, अशा शांत वातावरणात मराठी वाङ्मयात माझा प्रवेश झाला. पहिल्या दिवशी फारसे कुणी फिरकले नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रती खपू लागल्या. घेणारे बहुतेक पुरुष होते, आणि मेहुण्याने सांगितले की ते पुस्तक शेवटच्या पानापासून उघडून बघत. मला वाटले, शेवट गोड आहे की नाही हे पाहत असतील.

कारण कळले ते सासऱ्यांकडून. ते रोज संध्याकाळी वाचनालयात जाऊन तिथली सगळी वर्तमानपत्रे एका बैठकीत वाचून संपवत. त्या दिवशी टेबलावर 'उडते घोंगडे' पडले होते आणि भोवती तीन-चार पेन्शनर बसून चर्चा करीत होते. विषय राक्षस नव्हता. प्रकाशक बाई कोणत्या तमाशाच्या थिएटरातली, हा होता. ज्या बाईच्या नावाला पुढेमागे कुणी नाही आणि शेवटी नुसते 'बाई' आहे, तिची दुसरी जात त्यांना ठाऊक नव्हती. एका वकिलांनी तर तिचे गाणे आपण ऐकले आहे असे शपथेवर सांगितले. सासऱ्यांनाही त्यांचे मत विचारण्यात आले.

ते तीच प्रत हातात घेऊन घरी आले, जोडे काढले नाहीत, आणि ओसरीवर उभे राहून सगळ्यांना बोलावले. हुकूम असा की उरलेल्या सर्व प्रतींवर त्या ओळीच्या जागी चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर सौभाग्यवती, माझे नाव, यजमानांचे नाव आणि आडनाव, सर्व पूर्ण छापायचे. ते मान्य नसेल तर प्रती अंघोळीचे पाणी तापवायच्या बंबात घालायच्या.

आता गंमत पाहा. वर्षापूर्वी जे आडनाव माझ्या पुस्तकावर येणे ही नामुष्की होती, ते आता न येणे ही नामुष्की झाली होती. मला त्यांनी वर्षापूर्वी हे दिले असते तर मी नमस्कार केला असता. पण एवढ्यात मी माझे नाव एकटे छापलेले पाहिले होते, आणि ते मला बरे दिसले होते. चिठ्ठीखाली ते जाणार, नाहीतर विस्तवात जाणार, यातले कुठले कमी वाईट याचा मी हिशेब करीत उभी राहिले.

तुमचे आजोबा पहिल्यांदा बोलले. "अण्णा, माझं नाव नको. पुस्तकावर नाव यायचं तर हेडमास्तरांची लेखी परवानगी लागते. ती मी काढलेली नाही."

"मग काढा."

"राक्षसाच्या पुस्तकासाठी?"

सासऱ्यांनी हातातली प्रत उघडून पुन्हा मिटली. हेडमास्तरही वाचनालयात त्याच टेबलाशी बसत असत.

"मग बंब," ते म्हणाले.

हुकुमाला "बरं" म्हणण्यापलीकडे सासऱ्यांशी मी तोंडावर कधी बोलत नसे. काही सांगायचे झाले तर सासूबाईंना सांगून त्यांच्या कानावर घालायचे. त्या दिवशी सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, पण त्यांनी तपकिरीची डबी उघडली होती आणि त्या माझ्या वतीने काही बोलतील असे दिसत नव्हते.

मी म्हटले, "मामंजी, घराण्याचं नाव येता कामा नये असा हुकूम होता. ते कुठंही आलेलं नाही."

त्यांनी पुस्तक पुन्हा उघडले. चष्मा लावून शेवटचे पान वाचले, उलटून पहिले पान वाचले, पुन्हा शेवटचे वाचले. सबंध आयुष्य त्यांनी हुकूम जसाच्या तसा बजावला गेला आहे की नाही एवढेच पाहण्यात घालवले होते. चूक सापडली असती तर प्रती गेल्या असत्या. चूक सापडत नव्हती.

"शब्दशः पाळलाय," ते शेवटी म्हणाले, आणि त्यात शाबासकी होती की शिवी हे मला कळले नाही. मग खाली बसून त्यांनी जोडे काढले.

पण शिरस्तेदार ते शिरस्तेदार. जेवायच्या आधी त्यांनी पुरवणी हुकूम काढला, की यापुढे सोलापूर शहरात एकही प्रत विकली जाणार नाही. आणि नवे पुस्तक लिहायचे झाल्यास ते या घरात लिहिले जाणार नाही. दुसरे घर मला नव्हते. तुमचे आजोबा त्या रात्री माझ्याशी फार प्रेमाने बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून उत्तरपत्रिका शाळेतच ठेवून येऊ लागले.

उरलेल्या प्रती मालकांच्या मेहुण्याने पंचांगांबरोबर मोहोळ आणि अक्कलकोटच्या बाजारात नेल्या. तिथे त्या गेल्या, हळूहळू. अक्कलकोटहून येताना त्याने निरोप आणला होता की एका म्हाताऱ्याने घोंगडे कुठल्या गावात मिळते ते विचारले आहे. परीक्षण म्हणावे असे माझ्या पुस्तकाला तेवढेच मिळाले. वाचनालयातल्या पेन्शनरांनी बरेच दिवस त्या बाईचा शोध घेतला. तारा वाचायला मी त्यांच्यापैकी दोघांच्या घरी गेले होते. चहा दिला त्यांनी. ओळखले नाही.

पुढचा भाग डोक्यात तयार होता. राक्षसाचा धाकटा भाऊ विहिरींचा मालक असतो आणि धनगराच्या मुलीला उतरून जमिनीखाली जावे लागते. तो मी लिहिला नाही. तुमच्या वडिलांना आणि आत्याला लहानपणी जेवताना तुकड्यातुकड्याने सांगितला, आणि त्या दोघांनी जेवण संपले की तो विसरून टाकला. फोनवर बोललेल्या मुलीला इतकेच सांगते की तुझे वेड कुठून आले ते विचारत होतीस, ते आमच्या घरातून आलेले आहे. आता छापतेच आहेस तर नाव कुठले आणि किती घालायचे ते तू ठरव. तुझ्या सासऱ्यांचे मत असेल तर मला कळव. मला ऐकायला आवडेल.

प्रतींचे म्हणशील तर घरात राहिलेल्यांपैकी काही वाळवीने खाल्ल्या, काही रद्दीत गेल्या आणि चौकात त्यांत शेंगा बांधून मिळू लागल्या. आज माझ्याजवळ एक प्रत आहे. मुखपृष्ठ नाही, पहिले प्रकरण नाही, मधली काही पाने एकमेकांना चिकटली आहेत. शेवटचे पान आहे, आणि तळाची ओळ वाचता येते.